सगळ्यांच्या पुढे

“वालवंटाचा हाय ना? मंग मोट्यान वाच,” मैना म्हणाली आणि सुका जवळा भरलेलं सूप तिने निवडायला पुढ्यात ओढलं.

तिची मुलगी रुचिता उरणजवळच्या त्यांच्या घरात बसून बेलापूरच्या एका कचेरीचं काम करायची. सध्या तिच्या वाट्याला एक खेळ आला होता. कॉम्प्युटरवरची वाळवंटातली लढाई. आधी आपण एक चाल करायची, मग शत्रूने एक, घाई कसलीच नाही. आणि ज्यांना घाई नसते त्यांना मतं फार असतात. खेळ मराठीतही निघाल्यामुळे ती मराठीतही येत होती. रुचिताने ती वाचायची आणि प्रत्येकावर स्तुती, तक्रार किंवा सूचना असा शिक्का मारायचा.

“‘एवढं मोठं वाळवंट आणि उंट एकही नाही. एक तारा कापला,’” तिने वाचलं.

मैना हसली. “बरोबर बोललाय पोऱ्या. आपल्या विपुलनी नव्हता का उंटाचा फोटो धाडलेला? उंट हसतोय आनि हा घाबरलाय.”

विपुल समोरच्या भिंतीवर होता. फोटोला हार घालून आठ महिने झाले होते.

“‘रणगाडा तापला की एक चाल थांबावं लागतं. कंटाळा येतो.’”

“येऊ दे कंटाला. थितं गाडीच्या दरवाज्याला हात लागला तं फोड येतो, विपुल सांगायचा.”

रुचिताने तक्रारीचा शिक्का मारला. तिला हे काम नकोच होतं. पण इतक्या दिवसांनी आई हसली होती, म्हणून ती वाचत राहिली.

“पान्याचा टँकर हाय का गो त्यात?”

“हाय.”

“मंग पुढंच असंल.”

विपुल परदेशात कुठल्याशा फौजेचा पाण्याचा टँकर चालवायला गेला होता. शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता, “आये, साहेब माजीच गाडी पुढं लावतो. रनगाड्यांच्या पन पुढं.” दुसऱ्या दिवशी रस्त्यात पुरलेला सुरुंग त्याच्याच गाडीखाली फुटला. रडून रडून थकल्यावर मैनाने मुलाचं ते एक वाक्य घट्ट धरलं. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला तिने सांगितलं, “साहेबाचा लई भरवसा त्याच्याव. सगल्यांच्या पुढं माजा विपुल.” माणसं मान डोलवायची. टँकर पुढे का लावतात, हे रुचिताला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

पुढचं मत लांबलचक होतं. ती सवयीने वाचायला लागली.

“‘नवीन खेळाडूंसाठी. पाण्याचा टँकर सगळ्यांच्या पुढे ठेवा…’”

आणि ती थांबली.

“बग! मी काय बोलते?” मैनाने सूप खाली ठेवलं. “थितं पन तोच पुढं. का ठेवायचा, ते लिवलाय का?”

“नाय.”

“खाली एवरं लिवलाय की.”

“असंच हाय ते, आये. खेळ चांगला हाय, असं.”

मैना तोवर पदराला हात पुसत उठली होती. चौथी शिकलेली बाई, अक्षर लावून वाचायची. तिने पडद्यावर बोट टेकवलं. रुचिताला लॅपटॉप मिटता आला असता, पण आईचं बोट मधे होतं आणि ते बाजूला करायची तिची छाती झाली नाही.

“सु-रुं-ग त्याच्या-खाली फुट-तात. रण-गाडे वाच-तात. टँ-कर गेला तरी गु-ण कापत ना-हीत. बिन-धास्त सोडा. तो लिंबूटिंबू आहे.”

लिंबूटिंबू हा एवढा लांब शब्द मात्र तिने न अडखळता वाचला.

खाली चारशे बारा जणांनी हे मत उपयोगी पडल्याचं कळवलं होतं.

“यात टँकरला ड्रायव्हर नसतो, आये,” रुचिता म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून बोलली आणि बोलल्याबरोबर तिने जीभ चावली.

“मंग चालवतो कोन?”

बाहेरून बंदराकडे जाणारा कंटेनरचा ट्रेलर गेला तशा खिडकीच्या काचा वाजल्या. मैना परत जाऊन सुपापाशी बसली. तिने जवळ्यात हात घातला, पण तिला काही निवडता येईना. आठ महिन्यांपूर्वी फोन आला त्या दिवशीचा चेहरा तिच्यावर पुन्हा आला होता, आणि या वेळी धरून ठेवायला काहीच उरलं नव्हतं. रुचिता खाली येऊन तिला टेकून बसली. आपण हे वाचायला घेतलंच कशाला, असं तिला झालं.

मैनाने सूप बाजूला सारलं.

“आलीतल्या पोरांत हा सगल्यांत बारका. त्याला धावता यायचा नाय, पन खेलायचा तं असायचाच. मंग मीच दारात उभी ऱ्हाऊन पोरांना सांगायची, याला लिंबूटिंबू घ्या रे.”

“व्हय, आये.”

“आनि पोरं ऐकायची गो. लहान लहान पोरं, पन ऐकायची.” तिने फोटोकडे पाहिलं. “लिंबूटिंबूला आउट नाय करीत कोन.”