अरुणाकाकूंचा डबा

निघता निघता प्रणिताला डबा आठवला. शेजारच्या अरुणाकाकूंनी मंगळवारी त्यातून थालीपिठं पाठवली होती. तिने डबा पुसला, तळाशी दोन चमचे साखर घातली आणि झाकण लावलं.

"साखर कशाला? आजींच्या घरी साखर असते ना," दारात चपला घालत गार्गी म्हणाली.

"दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. चल."

लिफ्टमध्ये हाताने रंगवलेला कागद चिकटवला होता. 'आपल्या ब्लॉकमधल्या एका मुलाला यंदा सहावीची परीक्षा इथेच राहून देता यावी, म्हणून पॅनकेक खायला या.' नाव दिलेलं नव्हतं. परीक्षेला सात आठवडे उरले होते.

"कोण असेल?" सुबोधने विचारलं.

"एट्थ फ्लोअरचा इथन," गार्गी म्हणाली. "पण आपल्या ब्लॉकमध्ये मला धरून पी-सिक्सचे फोर आहेत. कोणीपण असेल लाह," तिने इथल्या पोरांसारखा हेल काढला.

"नाव घातलं नाही ते बरं केलं," सुबोध म्हणाला. "पण त्याच्या बापाने आधीच कुणाला तरी सांगायला हवं होतं."

"सांगवत नसेल," प्रणिता म्हणाली.

लिफ्ट थांबली.

खाली व्हॉइड डेकवर, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, तीन शेगड्या मांडल्या होत्या. सेंगकांगची निम्मी मुलं तिथेच लोटल्यासारखी वाटत होती. मधल्या शेगडीपाशी अरुणाकाकू होत्या. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. मुलाकडे इथे परदेशात राहायला आल्यापासून ब्लॉकमधल्या मुलांना दर शनिवारी फुकट शिकवत.

"आजी, मी फ्लिप करू?" गार्गीने विचारलं.

"कर. पण घाई नको. आधीच उलटलास तर फाटतो."

"मग कधी झालं ते कळणार कसं? खालून उचलून बघू?"

"उचलायचं कशाला? कडा बघ. कडा सुकल्या की खाली काय झालंय ते कळतं."

गार्गीचा पहिला पॅनकेक अर्धा शेगडीवर पडला. दुसरा घडी पडून बसला. अरुणाकाकूंनी तो तसाच ताटलीत घेतला आणि पुन्हा पळी तिच्या हातात दिली. तिसरा गोल झाला. मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सुबोधने खिशातली नोट काढली, चारदा घडी घालून टेबलावरच्या मदतीच्या पेटीत टाकली आणि एकच ताटली घेतली, गार्गीसाठी.

"आणि तू गं, प्रणिता?" अरुणाकाकूंनी विचारलं.

"माझा उपास आहे, काकू."

"तुझा गुरुवार असतो ना?"

"आता शनिवारही धरलाय."

"बरं." काकूंनी पीठ ढवळलं. "सुबोध, हल्ली दुपारीसुद्धा दिसतोस. परवा लिफ्टमध्ये खोके नेत होतास."

"घरूनच काम असतं हल्ली. आणि जुनी पुस्तकं भरून ठेवायचीत, पसारा झालाय नुसता."

"पसारा होतोच," काकू म्हणाल्या.

प्रणिताने डबा पुढे केला. काकूंनी तो घेतला, झाकण किंचित उघडून आत पाहिलं आणि टेबलाखाली ठेवला.

दीड वाजेपर्यंत पीठ संपलं. इथन त्याच्या आईबरोबर येऊन तीन ताटल्या खाऊन गेला. जाताना त्याच्या आईनेही पेटीत पैसे टाकले. ते पाहून सुबोध प्रणिताकडे वळला.

"म्हणजे इथन नव्हे."

"मिळालं असेल का रे पुरेसं?" प्रणिताने विचारलं. "ज्याचं कुणाचं असेल त्याला?"

"मिळावं," सुबोध म्हणाला. "वर्षभर अभ्यास केलेलं पोर आहे."

गार्गी टेबलं पुसत होती. अरुणाकाकू पदराला हात पुसत आल्या आणि तोच डबा त्यांनी प्रणिताच्या हातात ठेवला.

"दोन पॅनकेक ठेवलेत. उपास सुटल्यावर खा."

डबा हलका लागला. प्रणिताने झाकण उघडलं. आत पॅनकेक नव्हते. जाड पाकीट होतं, आणि त्यावर त्यांच्याच घराचा नंबर.

"काकू, काहीतरी चुकलंय. हे त्या मुलाचं पाकीट आहे."

"चुकलेलं नाही."

"पण आम्ही कुणालाच काही बोललो नव्हतो."

अरुणाकाकूंनी आधी गार्गी लांब आहे ना ते पाहिलं.

"वर्षभर माझ्या डब्यातून चिवडा आला, करंज्या आल्या, वड्या आल्या," त्या हळूच म्हणाल्या. "गेले तीन महिने नुसती साखर येतेय, प्रणिता."