हवेचा की जमिनीचा

फाटक सव्वातीन मीटर भरलं. तिनं वहीत अडीच लिहिलं.

नऊ वर्षं ती घरं गरम ठेवणाऱ्या हीट पंपांच्या कंपनीत मोजणीचं काम करत होती. लोकांच्या घरी जायचं, मापं घ्यायची, कुठला पंप बसेल ते सांगायचं. इतक्या वर्षांत एक आकडा कधी खोटा लिहिला नव्हता. आज लिहिला, आणि बेधडक लिहिला. का लिहू नये? अकरा वर्षांपूर्वी याच घरातून तिला एका बॅगेनिशी बाहेर काढलं होतं. ऑफिसनं पत्ता दिला तेव्हा ती दुसऱ्या कोणाला तरी पाठवू शकली असती. छे! असं सावज पुन्हा कधी आयतं चालून येणार?

तिच्या जागी आलेली नवी बायको अंगावर दोन स्वेटर चढवून तिच्या मागेमागे फिरत होती. मोजणीवालीनं तिला कंपनीचं नाव सांगितलं होतं, स्वतःचं नाही. नवरा कामावर गेला होता. पण घरात नसला तरी राज्य त्याचंच होतं.

"ताई, हे म्हणाले, जमिनीचाच बसवा," नवी म्हणाली. "खर्च झाला तरी चालेल, पण आवाज नको. यांची झोप फार हलकी. मी कूस बदलली तरी उठतात. म्हणून मी हल्ली हॉलमध्येच झोपते."

जमिनीचा म्हणजे अंगणात शंभर मीटर खोल भोक पाडायचं आणि खालची ऊब घरात ओढायची. आवाज नाही, कटकट नाही. या घराला तोच योग्य होता, शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. हवेचा पंप स्वस्तात होतो, पण त्याचा पंखा घराबाहेर भिंतीला लागतो, आणि कडाक्याची थंडी पडली की रात्रभर घुमतो. मोजणीवालीला घुमणाराच हवा होता. आणि तो लावायचा होता सासूच्या खिडकीखाली.

सासूनं तिला दोन हिवाळे मागच्या खोलीत ठेवलं होतं. सगळ्या घरात भिंतीला ऊब देणारे रेडिएटर, फक्त त्या एका खोलीत नाही. साधा हीटर मागितला तरी सासू दारात उभी राहायची आणि हसत सांगायची, "त्या खोलीला नको." हातातसुद्धा पायमोजे घालून झोपायची ही. तो हसरा चेहरा ती विसरली नव्हती. तिला विसरायचाच नव्हता.

"जमिनीचा नाही जमणार," ती म्हणाली. "भोक पाडायच्या गाडीला तीन मीटर फाटक लागतं. तुमचं अडीच आहे. हवेचाच घ्यावा लागेल."

पुढच्या मोठ्या खोलीत सासू झोपायची. नकाशात त्या खोलीच्या खिडकीखाली तिनं फुली मारली. झोप म्हणावं आता म्हातारीला निवांत!

मग तिनं रेडिएटरसाठी एकेक खोली मोजायला घेतली.

"मागची सोडा," नवी म्हणाली. "हे म्हणाले, त्या खोलीला नको."

मोजणीवालीचं पेन थांबलं. "कोण असतं तिथे?"

नवीनं मान खाली घातली. "आई. मोठी खोली यांनी घेतली ना. दोन वर्षं झाली."

मोजणीवालीनं दार लोटलं. म्हातारी खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती, शालीवर शाल. करावं तसं भरावं! तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच.

"ये," म्हातारी म्हणाली. "मघाशी आवाज ऐकला तेव्हाच ओळखलं तुला. आलीच आहेस तर बघून घे डोळे भरून."

"त्या खोलीला नको," मोजणीवाली म्हणाली. "तुमचेच शब्द."

"माझे कुठले? तेव्हाही त्याचेच. मी फक्त येऊन सांगायची." म्हातारीनं शाल घट्ट ओढली. "पण सांगताना मला बरं वाटायचं. ते मात्र माझं. त्याची माफी मागत नाही मी."

"मिळणारही नाही."

तिनं टेप काढली, खोली मोजली आणि सगळ्यात मोठा रेडिएटर लिहून टाकला. दया वगैरे काही आली नव्हती. राग होता तेवढाच होता, पण अकरा वर्षं तो चुकीच्या दारावर धडका देत होता. ती बाहेर आली. नकाशातली फुली होती तिथेच ठेवली.

"अगं बाई, मागच्या खोलीत लिहिलात?" नवी घाबरली. "यांना कळलं तर..."

"कंपनीचा नियम म्हणून सांगा. एक खोली जरी सोडली तरी गॅरंटी नाही." असला काही नियम नव्हता. दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं.

नवीनं नकाशा जवळ ओढला. "आणि पंखा इथे? यांच्याच खिडकीखाली? अहो, यांचा डोळा लागायचा नाही."

"ठाऊक आहे मला. कोणी साधा पेला ठेवला तरी उठतो, आणि मग घर डोक्यावर घेतो."

नवी तिच्याकडे बघतच राहिली. ती काही दुधखुळी नव्हती. एकदा मागच्या खोलीच्या दाराकडे तिची नजर गेली, मग परत हिच्या चेहऱ्यावर आली. आता ही फोन लावणार, मोजणीवालीला वाटलं. नोकरी जाणार. जाऊ दे.

नवीनं नकाशा टेबलावर सरळ केला आणि फुलीवर बोट ठेवलं.

"यांची उशी डाव्या अंगाला असते," ती हळूच म्हणाली. "थोडा तिकडे सरकवता येईल का हो, ताई?"