गेल्या वर्षीचं पोट

"तुम्ही ते बटण का दाबलं नाही, एवढंच सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची दाखवली. ती बसायला आलीच नव्हती. मागे दाराला टेकून दीर उभा होता. तो यायला तयार नव्हता, तिने अक्षरशः ओढत आणलं होतं. सख्खा भाऊ मोठ्या हॉस्पिटलात पडलाय आणि याला डॉक्टरांची भीड पडते.

"सासरे जठराच्या कॅन्सरने गेले, म्हणून मीच नवऱ्याच्या मागे लागले होते. तपासून घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका म्हटलं. गेल्या वर्षी याच खोलीत तुम्ही नळी घातलीत आणि सगळं स्वच्छ म्हणून लिहून दिलंत. परवा त्यांना रक्ताची उलटी झाली."

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला फोटो दाखवून समजावलं होतं. सुरुवातीचा कॅन्सर साध्या उजेडात नुसत्या लालीसारखा दिसतो. नळीचं बटण दाबून निळा उजेड टाकला की खराब जागेची कड वेगळी दिसते. तेव्हा सापडला असता तर नळीतूनच काढता आला असता. आता अख्खं जठर काढायचं, आणि तरी हमी नाही. हे ऐकल्यापासून तिच्या डोक्यात जाळ झाला होता.

"वहिनी, चला ना," दीर म्हणाला. "आता भांडून काय होणार?"

"तुम्ही गप्प बसा भाऊजी. त्या दिवशी सोबत तुम्हीच होतात ना? डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला तोंड नव्हतं?"

त्याने मान खाली घातली. शेळपट मेला, ती मनात म्हणाली.

त्या दिवशी नवरा किती खुशीत होता. आल्या आल्या ताट मागितलं, पोटभर जेवला. उगाच घाबरत होतो, काही कळलंसुद्धा नाही, म्हणाला.

"बाई, मी बटण दाबलं होतं," डॉक्टरांचाही आवाज चढला. त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला आणि गेल्या वर्षीचं चित्रण लावलं. निळ्या उजेडात जठराचा कोपरा न् कोपरा सरकत गेला. "बघा. कुठे कड दिसते? कुणालाही नेऊन दाखवा. हे पोट निरोगी आहे."

"मग वर्षभरात एवढा वाढला कसा?"

"तेच मला कळत नाहीये."

"आता हात झटकू नका. माझा माणूस ज्याच्यामुळे मरणाच्या दारात गेलाय, त्याला मी उभ्या जन्मात माफ करणार नाही."

तेवढ्यात नर्स पुढच्या पेशंटचे कागद घेऊन आत आली. दिराला पाहून ती ओळखीचं हसली.

"अहो, तुम्ही परत? या वेळी नळी घालून घेताना माझा हात जरा हळू धरा बरं का. गेल्या वर्षी बोटं सुजली होती माझी."