मोंबासाचे कांदे

डोंगराखालच्या वाडीवरची सावळी बंगल्याच्या वाफ्यात उकिडवी बसून काठीनं माती उकरत होती. पदरात सात-आठ कांदे जमले होते. कडेवर बांधलेली धाकटी पोर त्यातलाच एक चोखत होती.

लडकू माळी विहिरीवरून धावत आला. शहापुरातल्या त्या बंगल्याची बाग त्याच्याकडं होती. ते फुलाचे कांदे मालकीणबाईंच्या, पिरोजबाईंच्या, भावानं आफ्रिकेतल्या मोंबासाहून बोटीनं पाठवले होते. ग्लॅडिओला की काय नाव. फूल अजून इथं कुणी पाहिलं नव्हतं.

"ठेव ते, सावळे!"

"कंदच हायत ना, दादा? रानात आता काय उरलं नाय. लढाई लागल्यापासून दुकानात पन दाना मिलत नाय."

तिला हाकलणं लडकूच्या जिवावर आलं. कांदेही जायला नको होते. तो चटकन म्हणाला, "खायचे नाय गो ते. विख हाय त्यात."

सावळीनं पदर झटकला. पोरीच्या तोंडात बोट घालून चोथा काढला. तिला हौदावर नेऊन तोंड धुतलं, मग स्वतःचे हात मातीनं घासघासून धुतले.

"बरं सांगलंत, दादा," म्हणाली आणि गेली.

श्रावणात फुलं आली. शेंदरी, आत घशाशी पिवळी, एकेका दांड्यावर दहा-दहा. पिरोजबाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बघत बसल्या.

"भाऊ लिहितो, तिकडचे लोक हे कांदे भाजून खातात," त्या हसून म्हणाल्या. "रताळ्यासारखे. ऐकलंस का, लडकू?"

लडकूनं ऐकलं होतं. खुरपं त्याच्या हातात तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी घरातले दोन शेर तांदूळ फडक्यात बांधून तो सावळीच्या वाडीवर गेला. सावळी दारात एकटीच बसली होती.

"धाकटी कुठं हाय?"

"गेली. आखाडात. पोटात काय नव्हतंच तिच्या." सावळीनं त्याला बसायला गोणपाट टाकलं. "पन माज्या हातच्या विखानं नाय गेली, दादा. तुमी होते म्हनून."

त्या कांद्यांत विख नव्हतंच, हेच सांगायला लडकू आला होता. त्यानं तोंड उघडलं.

सावळी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यानं उभ्यानंच पाणी प्यायलं, तांदूळ उंबऱ्याशी ठेवले आणि खाली मान घालून वाडीतून निघाला.