तिरपी अक्षरं

इंदिरानगरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सभासदयादी संगणकावर मी ठेवतो. एखादा सभासद गेला, की त्याचं नाव अगदी खाली नेऊन तिरप्या अक्षरांत टाकायचं, ही आमची पद्धत.

दिवाळीनंतर माझ्या यादीत शामसुंदरचं नाव खाली, तिरपं दिसू लागलं. तो तर रोज सकाळी माझ्याबरोबर फिरत होता आणि कोपऱ्यावरच्या मिसळीला नावं ठेवत होता. मी नाव वर नेलं. ते पुन्हा खाली आलं. त्याला उगाच कशाला घाबरवायचं, म्हणून गप्प बसलो.

काल त्याच्या घरी गेलो. त्याचा संगणक वेगळ्या कंपनीचा. त्यावर हीच यादी उघडी होती. त्याचं नाव वर, सरळ अक्षरांत. खाली, तिरपं, माझं.

"फॉन्टचा घोळ आहे रे," तो घाईघाईने म्हणाला. "माझ्या मशीनवर सगळंच सरकतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? चाळीस वर्षांची मैत्री, शाम्या!"

त्याने उलट विचारलं, "तुझ्या मशीनवर मी कुठे आहे?"

"फॉन्टचा घोळ आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात त्याची बायको, सुमेधावहिनी, आत आल्या. हातात चहाचा एकच कप. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि आमच्या दोघांच्या मधून हात घालून संगणक बंद केला.

"हा रोज कोण चालू करतं, कळत नाही," त्या पुटपुटल्या.