चष्म्यातले ठिपके

चष्मेवाल्याने लेकीचा मोबाईल दुकानाच्या कपाटात कुलपात टाकला आणि भर दुपारी घर गाठलं. बायको गेल्यापासून पोरगी गेममध्ये पार बुडाली होती. आज तरी दोन घास पोटात ढकलेल, एवढीच त्याची आशा.

ती टेबलापाशी, ताटासमोर बसली होती. हात रिकामे, पण अंगठे चालूच.

"बाई गं, ते खोकं सुटलं तरी बोटं सुटेनात होय?"

"एक मिनिट, बाबा."

तिच्या चष्म्यावर रंगीत ठिपके पळत होते. समोर तर कोरी भिंत होती. शिवाय काचा त्यानेच घासून बसवलेल्या, चकाकी न धरणाऱ्या.

त्याने तिचा चष्मा काढून उजेडाकडे धरला. काचा स्वच्छ होत्या. ठिपके आता तिच्या डोळ्यांत पळत होते.

तो वाकला. तिच्या डोळ्याच्या बाहुलीत हीच खोली दिसली, हेच टेबल, आणि वाकलेला तो स्वतः. त्याला जरा हायसं वाटलं.

"जेव गं राणी. आईने भरवलंच असतं तुला."

"थांबा ना बाबा, आता तुमची पाळी."

तिच्या डाव्या अंगठ्याने हवा दाबली. बाहुलीतला माणूस ताठ झाला आणि दाराकडे वळला.

चष्मेवाला अजून वाकलेलाच होता. मग त्याचीही पाठ, त्याच्या मनात नसताना, ताठ होऊ लागली.