टाचण्यांचा डबा

"आटपा हो शिवणताई. अशीच उभी ठेवलीत तर उद्या माझ्याऐवजी माझे पायच स्टेजवर गळा काढतील," गाण्याच्या बाई स्टुलावरून म्हणाल्या.

त्यांच्या अंगात अर्धवट शिवलेला पायघोळ झगा होता. कार्यक्रम उद्या सकाळी. खालची कड तेवढी मापात दुमडून टाचायची राहिली होती, आणि टाचण्यांचा डबा जागेवर नव्हता.

शिवणताईने मशीनचा खण उपसला. चिंध्यांची पिशवी उलटी केली. टेप सापडली, खडू सापडला, नवऱ्याचा महिनाभर हरवलेला चष्मासुद्धा सापडला. डबा नाही.

"सकाळी फोनवर तर टाचण्या तोंडातच होत्या तुमच्या. गोळी चघळत बोलल्यासारखं ऐकू येत होतं," बाई म्हणाल्या. "पण काय हो, तुमच्या घरात शांतता किती! आमच्याकडे डबा हरवला असता तर एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं."

शिवणताई हसली. आपल्या घरात आवाज चढवायचा नाही, हे तिने लेक झाली तेव्हाच ठरवलं होतं. लेक आता सात वर्षांची. सदा काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते, म्हणून सगळे मुंगी म्हणतात. आज सकाळी मुंगीने चित्रं रंगवता रंगवता ब्रश धुतलेलं निळं पाणी याच झग्याच्या अस्तरावर सांडलं. तरीही शिवणताई तिला एका शब्दाने बोलली नव्हती. ओठांत टाचण्या धरून दुपारपर्यंत नवं अस्तर बेतलं, लावलं. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

मुंगी पाण्याचा पेला घेऊन आली. तासाभरातला हा चौथा. दुपारपासून तिने सगळ्यांच्या चपला ओळीत लावल्या होत्या, चिंध्यांच्या रंगांप्रमाणे घड्या केल्या होत्या, कुणी न सांगता आपलं ताट घासून ठेवलं होतं.

"काय गुणी लेक आहे! चार दिवस मला द्या उसनी," बाई म्हणाल्या.

पेला घेता घेता पाणी शिवणताईच्या मनगटावर सांडलं. तिचे बाबा नकाशे काढायचे. त्यांनीही कधी आवाज चढवला नव्हता. ते नुसते बोलायचे थांबायचे, दोन-दोन, चार-चार दिवस. मग ती त्यांच्या सगळ्या पेन्सिलींना टोक करून टेबलावर ओळीने मांडून ठेवायची. घरी येणारे तेव्हा हेच म्हणायचे. गुणी लेक.

"मुंगे, टाचण्यांचा डबा पाहिलास का गं?"

मुंगीने नुसती मान हलवली. नाही.

"तोंडाने सांग ना, बाळा."

पुन्हा नुसती मान. ओठ इतके आवळलेले की कडा पांढऱ्या पडल्या होत्या. ओठ असे कशासाठी आवळतात, ते शिवणताईइतकं कुणाला ठाऊक होतं?

"गिळू नकोस. मुंगे, अजिबात गिळू नकोस. उघड तोंड."

बाई झगा सावरत धडपडत स्टुलावरून उतरल्या. शिवणताईने लेकीची हनुवटी धरली. "हळू गं राणी. आ कर. आ."

मुंगीने आ केला. पुढच्या दोन पडलेल्या दातांची खिडकी, आत जीभ. शिवणताईने गालांच्या आतून बोट फिरवलं, जीभ उचलून पाहिली. काही नाही. एकही नाही.

"मग बोलत का नव्हतीस?" ती ओरडली. भिंतीवर आपटून आवाज तिचा तिलाच ऐकू आला.

मुंगी दचकली नाही. उलट तिचे वर चढलेले खांदे सैल पडले. सकाळपासून अडकलेला श्वास सुटावा तसा तिने श्वास सोडला.

"बोलले असते तर खरं बाहेर आलं असतं," ती म्हणाली. "डबा मी लपवलाय. शाळेच्या बुटात."

"का पण?"

"तोंडात टाचण्या धरल्यास की तू माझ्याशी बोलत नाहीस."

"अगं वेडाबाई, तेव्हा बोलता येत नाही. टोचतात."

मुंगीने गाण्याच्या बाईंकडे बोट केलं. "यांच्याशी बोललीस की. फोनवर. हसलीस पण."

बाई झगा दोन्ही हातांनी उचलून पुन्हा स्टुलावर जाऊन उभ्या राहिल्या.

मुंगीने बुटातून डबा काढून आणला. शिवणताई जमिनीवर बसली, डबा उघडला आणि सवयीने चार टाचण्या चिमटीत घेतल्या. हात ओठांपर्यंत गेला. तिथून परत आला. तिने टाचण्या डब्यात टाकल्या आणि डबा लेकीच्या मांडीवर ठेवला.

"तू दे. एकेक."

मुंगीने पहिली दिली. "अजून रागावलीस?"

"नाही."

कड दुमडली, टाचली. दुसरी टाचणी.

"आता?"

"नाही गं."

तिसरी. "आता?"

"नाही, मुंगे. नाही रागावले."

शिवणताई वीतभर पुढे सरकली. झगा चांगला घेरदार होता, सगळी कड अजून पुढे पडली होती. मुंगीने चौथी टाचणी पुढे केली. शिवणताईने ती धरली, पण मुंगीने चिमटीतून सोडली नाही.

ती आधी आईच्या ओठांकडे बघत होती.